हॉटेलची खोली ऑनलाइन घेताना दर दिसतो १००, खिशातून जातात १३४. मधले ३४ कोणाचे?

मोजपट्टी

हिशेब सोपा व्हावा म्हणून आकडे गोल करून लिहिते, चलन कुठलंही धरा. दोन मोठे, आठ वर्षांचं एक मूल, परदेशातलं हॉटेल, तीन रात्री. शोधयादीत रात्रीला १०० दिसतात, म्हणजे ३००. पैसे भरायच्या पानावर ‘कर आणि शुल्क’ अशी एकच ओळ येते, तिच्यात ५४ वाढतात आणि कार्डावरून ३५४ जातात. हॉटेलच्या काउंटरवर आणखी ४८ मागतात: ३६ ‘सुविधा शुल्क’ आणि १२ शहराचा कर. झाले ४०२. याशिवाय डिपॉझिट म्हणून १०० घेतात आणि परत येतात ते ९७.

यातलं रीतसर काय आणि उगाच लावलेलं काय? ४०२ हा आकडा बुकिंगच्या आधी कुठे सापडतो? दोन साइटींची तुलना करायची तर कुठला आकडा कशाशी लावायचा? आणि चुकीचं कापलं असेल तर मागायचं कोणाकडे? साइटवाले हॉटेलकडे बोट दाखवतात, हॉटेलवाले साइटकडे.

रात्रपाळी

तुमच्या आकड्यांत पैसे घेणारे चौघं आहेत: साइट, हॉटेल, तिथली नगरपालिका आणि बँक. कोणती रक्कम कोणाची हे वेगळं काढलं की बाकीचे प्रश्न बरेचसे सुटतात, कारण जो घेतो तोच परत देऊ शकतो. दुसरा कोणी इच्छा असूनही देऊ शकत नाही.

आधी ५४ बघू. तुम्ही पैसे साइटला भरलेत, म्हणजे या व्यवहारात विक्रेती साइट आहे. हॉटेलला तिच्याकडून ठरलेली कमी रक्कम मिळते, बऱ्याचदा एका आभासी कार्डाद्वारे (फक्त त्या बुकिंगपुरता दिलेला कार्ड नंबर), आणि बहुतेक वेळा ती तुम्ही हॉटेलात आल्यानंतरच काढता येते. ‘कर आणि शुल्क’ या ओळीत खरा कर असतो आणि साइटची स्वतःची सेवा फीसुद्धा असते. दोन्ही मुद्दाम एकत्र दाखवतात. त्यात कर बऱ्याचदा हॉटेलला जाणाऱ्या रकमेवर काढलेला असतो, तुम्हाला दिसणाऱ्या १०० वर नाही. त्यामुळे त्या देशातला कराचा दर घेऊन टक्केवारी लावायला बसलात तर उत्तर जुळत नाही, आणि उरलेली रक्कम फी आहे की कर हे बाहेरून कळत नाही.

याचा एक परिणाम लोकांच्या लक्षात येत नाही. काउंटरवरच्या माणसाला तुमचे ३५४ दिसतच नाहीत. त्याच्या पडद्यावर साइटकडून येणारी रक्कम असते, आणि ती पाहुण्याला दाखवायची नाही अशी सूचना बुकिंगवरच लिहिलेली असते. म्हणून ३५४ चं बिल हॉटेल देऊ शकत नाही, त्यातले पैसे परतही करू शकत नाही. ऑफिसकडून खर्च वसूल करायचा असेल किंवा हॉटेलच्या नावाचं कराचं बिल हवं असेल तर ‘हॉटेलमध्ये पैसे भरा’ हाच पर्याय घ्यावा. तिथे विक्रेता हॉटेल असतं.

आता ३६. कुठे याला रिसॉर्ट फी म्हणतात, कुठे डेस्टिनेशन फी, कुठे अॅमेनिटी फी. नाव काहीही असो, खोली घेतली की ती द्यावीच लागते, पोहायला जा अथवा नका जाऊ. लास वेगास, हवाई, फ्लोरिडा इथे ती सर्रास आहे, न्यूयॉर्कमध्येही बऱ्याच हॉटेलांत असते. वेगळी ठेवण्याचं कारण सरळ आहे: यादी कमी दरापासून लावली की १०० वालं हॉटेल ११२ वाल्याच्या वर दिसतं. दुसरं कारण कमिशन. साइटचं कमिशन खोलीच्या दरावर असायचं, त्यामुळे दरातून काढून फीत टाकलेले १२ हॉटेलकडे पूर्ण राहायचे. काही साइटींनी नंतर अशा फीवरही कमिशन लावलं, पण पद्धत राहिली ती राहिलीच. आणि या फीवर पुन्हा कर लागतो, हे लक्षात ठेवा.

ही फी कमी होऊ शकते का? एका परिस्थितीत मागण्यात अर्थ आहे. फीच्या बदल्यात जे देतो म्हणून लिहिलंय ते बंद असेल, म्हणजे तरणतलाव दुरुस्तीला, जिम बंद, शटल नाही, तर ड्यूटी मॅनेजर ती कमी करू शकतो. मात्र हे चेक-इनला बोला. चेक-आउटच्या रांगेत त्याच्याकडे वेळही नसतो आणि तुमच्या तीन रात्री राहून झालेल्या असतात. हॉटेल साखळ्यांचे पॉइंट्स वापरून राहणाऱ्यांसाठी: हिल्टन आणि हयात फक्त पॉइंट्सवर घेतलेल्या रात्रींना ही फी लावत नाहीत, मॅरियटमध्ये ती भरावी लागते.

शहराच्या १२ वर घासाघीस नाही. तो हॉटेलचा पैसा नाही, ते फक्त गोळा करून भरतात.

फिरस्ता

शहराच्या कराबद्दल थोडं सविस्तर, कारण सगळ्यात जास्त फसगत इथे होते. हा कर चार पद्धतींनी लागतो: माणशी-रात्री, खोली-रात्री, टक्केवारीने, किंवा दरानुसार टप्प्यांत. कुठली पद्धत आहे त्यावरून कुटुंबाचा आकडा पार बदलतो.

रोममध्ये माणशी-रात्री, हॉटेलच्या ताऱ्यांप्रमाणे वाढत जाणारा, सलग १० रात्रींपर्यंत. १० वर्षांखालच्या मुलांना माफ. तुमचे १२ म्हणजे २ × २ × ३ दिसतात, तेव्हा आठ वर्षांच्या मुलाला बहुधा सूट मिळालेली आहे. हे तपासून घ्या, कारण बुकिंगमध्ये मुलाचं वय भरलं नसेल तर काउंटरवर तीन माणसं मोजली जातात आणि पासपोर्ट दाखवून दुरुस्त करून घ्यावं लागतं. दुबईत ‘टुरिझम दिरहॅम’ खोली-रात्री, ७ ते २० दिरहॅम, हॉटेलच्या श्रेणीप्रमाणे. मलेशियात परदेशी पाहुण्याला खोली-रात्री १० रिंगिट. अॅमस्टरडॅममध्ये २०२४ पासून दराच्या १२.५ टक्के, बर्लिनमध्ये जानेवारी २०२५ पासून ७.५ टक्के. टोकियोत माणशी-रात्री दर १०,००० येनच्या खाली असेल तर काही नाही, पुढे १०० आणि १५,००० पासून २०० येन. मालदीवचा ग्रीन टॅक्स १ जानेवारी २०२५ पासून दुप्पट झाला: रिसॉर्टमध्ये माणशी-रात्री १२ डॉलर. चौघांचं कुटुंब पाच रात्री राहिलं की नुसता हाच २४० डॉलर होतो. एवढी रक्कम ‘किरकोळ स्थानिक शुल्क’ म्हणून सोडून देता येत नाही. ग्रीसमध्ये हवामान संकट शुल्क खोली-रात्री आहे, हॉटेलच्या ताऱ्यांप्रमाणे आणि उन्हाळ्यात जास्त, आणि ते हॉटेलातच भरायचं असतं, म्हणून आगाऊ भरलेल्या बुकिंगमध्येही वेगळं राहतं.

हे दर बदलत असतात. साइटवरचा मजकूर जुना राहू शकतो. शहराच्या अधिकृत पर्यटन पानावर एकदा बघून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे.

दुसरा प्रकार ‘प्लस प्लस’. आग्नेय आशियात आणि मालदीवमध्ये दरापुढे दोन अधिक चिन्हं दिसतात, १००++ अशी. पहिलं चिन्ह सेवा आकार, दुसरं कर. लोक दोन्ही टक्के नुसते बेरजेत धरतात, तसं नसतं. कर लागतो तो सेवा आकार मिळवलेल्या रकमेवर. सिंगापूरमध्ये १० टक्के सेवा आकार आणि २०२४ पासून ९ टक्के जीएसटी: १०० चे ११०, आणि ११० वर ९ टक्के म्हणजे ११९.९०. थायलंडमध्ये १० आणि ७ टक्के: ११७.७०. हॉटेलच्या स्वतःच्या साइटवर, खास करून स्पा आणि जेवणाच्या पॅकेजवर, ही चिन्हं फार बारीक छापलेली असतात.

पायवाट

एवढं कशाला, थेट हॉटेलच्या साइटवरूनच बुक करावं. मधला माणूस गेला की फी गेली.

रात्रपाळी

@पायवाट, अर्धं बरोबर. थेट घेतलं तर साइटची सेवा फी जाते, बदल आणि रिफंड एकाच ठिकाणी होतात, आणि खोल्या कमी पडल्या तर दुसऱ्या हॉटेलात पाठवताना थेट आलेल्या पाहुण्याचा नंबर सहसा शेवटी लागतो. पण रिसॉर्ट फी आणि शहराचा कर थेट बुकिंगलाही तसेच लागतात. उलट काही हॉटेलांच्या स्वतःच्या साइटवर ते शेवटच्या पानापर्यंत दिसत नाहीत, आणि मोठ्या बुकिंग साइटवर मात्र एकत्रित रकमेचं बटण असतं.

आणि ‘थेट’ म्हणजे खरंच थेट आहे का ते बघा. हॉटेलचं नाव शोधलं की वर जाहिरातीत हॉटेलच्या नावाचीच, फोटो-लोगोसकट पानं येतात, जी प्रत्यक्षात दलालांची असतात. तिथे शेवटच्या पानावर एक न परतणारी सेवा फी असते. ओळखायचं कसं: पत्ता हॉटेलच्या साखळीचा आहे का, पानाच्या तळाशी कंपनीचं नाव कोणाचं आहे, आणि ‘अटी’ उघडल्यावर करार कोणाशी होतोय. तळाला ‘आम्ही स्वतंत्र आरक्षण सेवा आहोत’ असं बारीक अक्षरात आढळलं तर ते पान बंद करा. यांनी दिलेला फोन नंबरही हॉटेलचा नसतो.

खतावणी

आता तुमच्या ९७ बद्दल. हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे आणि टाळता येण्यासारखा आहे.

डिपॉझिट घेण्याचे दोन मार्ग असतात. एक प्री-ऑथोरायझेशन: मशीन बँकेला सांगतं की १०० राखून ठेवा. पैसे जात नाहीत, खात्यावर फक्त रोखलेले दिसतात, आणि सोडले की जसेच्या तसे मोकळे होतात. दुसरा मार्ग सेल: हॉटेल १०० ची खरीखुरी विक्री करतं आणि नंतर १०० चा रिफंड टाकतं. परदेशी कार्डावर हे दोन वेगळे व्यवहार होतात, दोन वेगळ्या दिवसांच्या दरांनी. जाताना तुम्हाला महाग दर लागतो, येताना स्वस्त, आणि बँकेचा परकीय चलन आकार बऱ्याचदा परत मिळत नाही. हॉटेल १०० दिले म्हणतं ते खरं असतं, तुमच्याकडे ९७ आले हेही खरं असतं.

मशीनमधून निघणारी स्लिप तिथेच वाचा. वर ‘प्री-ऑथ’ असेल तर ठीक. ‘सेल’ किंवा ‘परचेस’ असेल तर तिथल्या तिथे सांगा की हे व्हॉइड, म्हणजे रद्द, करून प्री-ऑथ करा. दिवसाअखेर मशीनचा बॅच, म्हणजे त्या दिवसाच्या व्यवहारांचा गठ्ठा, बंद होतो. त्याच्या आधी केलेला व्हॉइड म्हणजे व्यवहार झालाच नाही असं धरलं जातं आणि चलन बदलाचा प्रश्नच येत नाही. बॅच बंद झाल्यावर मात्र रिफंडच करावा लागतो.

डिपॉझिटला डेबिट कार्ड देऊ नका. प्री-ऑथ असला तरी तुमचे खात्यातले खरे पैसे अडकतात, आणि हॉटेलने सोडल्यावरही बँकेकडून मोकळे व्हायला काही दिवसांपासून काही आठवडे लागू शकतात. क्रेडिट कार्डावर फक्त मर्यादा अडते.

चेक-आउटला अंतिम बिल त्याच प्री-ऑथमधून पूर्ण करून घ्या. रोखीने किंवा दुसऱ्या कार्डाने भरलंत तर जुना होल्ड (रोखून ठेवलेली रक्कम) आपोआप सुटत नाही, तो सोडायला सांगावं लागतं. स्लिपवरचा ऑथोरायझेशन कोड (बहुधा सहा अंकी किंवा अक्षरी) टिपून ठेवा. बँकेत फोन करताना तारीख, रक्कम आणि हा कोड दिला की त्यांना नोंद सापडते.

मग मशीनवर येणारा प्रश्न: ‘तुमच्या चलनात भरायचं की स्थानिक चलनात?’ नेहमी स्थानिक. आपल्या चलनात म्हटलं की दर हॉटेलच्या बाजूची कंपनी ठरवते आणि त्यात काही टक्के चढवते. वर तुमची बँक, विक्रेता परदेशी आहे म्हणून, वेगळा आकारही लावू शकते. व्हिसा आणि मास्टरकार्डच्या नियमांप्रमाणे हा पर्याय ग्राहकाने निवडायचा असतो. काउंटरवरच्या माणसाने परस्पर बटण दाबलं तर स्लिपवर सही न करता व्यवहार रद्द करून पुन्हा करायला सांगा. युरोपीय संघात १९ एप्रिल २०२० पासून हा चढवलेला टक्का युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या दराच्या तुलनेत दाखवणं बंधनकारक आहे, तेव्हा पडद्यावर तो लिहिलेला असेल तर वाचा.

हीच गोष्ट साइटवरही होते, फक्त कोणी विचारत नाही. साइटचं चलन स्थानिक करून रक्कम बघा, मग आपलं चलन लावून बघा. एकाला दुसऱ्याने भागलं की साइटचा दर निघतो. व्हिसा आणि मास्टरकार्ड दोघांच्याही संकेतस्थळांवर दर काढायचं साधन आहे, त्यात बँकेचा परकीय चलन आकार घाला आणि ताडून बघा. ‘हॉटेलमध्ये पैसे भरा’ असेल तर तुमच्या चलनातला आकडा निव्वळ अंदाज असतो. खरी बांधिलकी स्थानिक चलनातल्या आकड्याची.

मोजपट्टी

@खतावणी, व्हॉइड आणि रिफंड यांतला फरक आज नीट कळला. एक राहिलं. ३५४ च्या पानावर ते ३६ कुठे लिहिलेले असतात? शोधूनही दिसत नाहीत.

हिशेबी

असतात, पण तुम्ही बघता तिथे नसतात. बहुतेक साइटींवर तीन जागा आहेत. पहिली, एकूण रकमेच्या खाली राखाडी ओळ: ‘या रकमेत समाविष्ट नाही’ किंवा ‘हॉटेलमध्ये देय’. मोबाइलवर ती रकमेच्या शेजारच्या छोट्या बाणात दुमडलेली असते, तो दाबावा लागतो. दुसरी, हॉटेलच्या पानावर अगदी खाली ‘नियम’ किंवा ‘महत्त्वाची माहिती’ हा भाग. तिथे ‘अनिवार्य शुल्क’ आणि ‘ऐच्छिक शुल्क’ असे दोन परिच्छेद असतात. डिपॉझिटची रक्कमही तिथेच. तिसरी, खोलीच्या दरावर दाबल्यावर उघडणाऱ्या अटी. त्यात रद्द करण्याची मुदत असते.

मोबाइल अॅपवर घाई होते. शेवटचा टप्पा मोठ्या पडद्यावर करा.

क्रम असा ठेवा. शोधण्याआधीच माणसं खरी भरा, मुलांची वयं चेक-इनच्या दिवशी असतील ती. ‘दोन मोठे’ हा आपोआप भरलेला आकडा तसाच ठेवून नंतर तिसरं माणूस नेलं की जादा माणसाचा आकार आणि जादा खाटेचा आकार काउंटरवर लागतो, आणि तो आगाऊ भरण्यापेक्षा महाग असतो. मग ‘सर्व करांसह एकूण रक्कम’ हे बटण चालू करा आणि त्यानंतरच यादी कमी दरापासून लावा. आधी लावलेली यादी मूळ दरावर असू शकते. एकाच साइटवर दोघांना वेगळे आकडे दिसतात त्याचं कारणही हेच: कुठल्या देशातून बघताय त्याप्रमाणे साइट कर धरून किंवा सोडून दाखवते.

त्यानंतर पैसे भरायच्या पानापर्यंत जा, पण भरू नका. आधीच खूण केलेल्या चौकटी काढा: विमा, देणगी, ‘लवचीक रद्दबातल’, टॅक्सी. विमा एकदा घेतला की खोली रद्द केली तरी तो वेगळा रद्द करावा लागतो. आता त्या पानावरच्या रकमेत हॉटेलमध्ये देय रक्कम मिळवा आणि रात्रींनी भागा. तुमच्या बाबतीत ३५४ + ४८ = ४०२, रात्रीला १३४. समजा शेजारच्या साइटवर तसंच हॉटेल १२० ला होतं, सगळं धरून, फक्त शहराचा कर वेगळा. ३६० + १२ = ३७२, रात्रीला १२४. यादीत २० ने महाग दिसणारं प्रत्यक्षात तीन रात्रींना ३० ने स्वस्त पडलं.

तुलना करताना सवलतीचं कुपनही तपासा. बऱ्याचदा ते मूळ दरावरच चालतं, फीवर नाही, आणि ठरावीक कार्डाने आगाऊ भरल्यावरच मिळतं. म्हणजे ‘हॉटेलमध्ये भरा’ हा मार्ग बंद.

पार्किंग हा ऐच्छिक शुल्कातला सगळ्यात जड भाग, गाडीने जाणाऱ्यांनी तो खोलीच्या दरातच धरावा. मोठ्या शहरांत रात्रीचं पार्किंग अनिवार्य फीपेक्षा जास्त असतं आणि ‘पार्किंग उपलब्ध’ एवढंच लिहिलेलं असतं; ‘मोफत’ हा शब्द नसेल तर पैसे आहेत असं समजा. घरगुती अपार्टमेंट घेत असाल तर साफसफाईची फी मुक्कामाला एकदाच लागते. एका रात्रीला ती डोईजड होते, दहा रात्रींना जाणवत नाही, म्हणून लहान मुक्कामाला हॉटेलच परवडतं.

मिनीबारच्या काही फ्रिजमध्ये सेन्सर असतात. आपली औषधं किंवा दूध ठेवायला बाटल्या बाजूला केल्या तरी नोंद होते. रिकामा फ्रिज मागून घ्या.

रात्रपाळी

@हिशेबी यांच्या अटींच्या मुद्द्यात भर. ‘मोफत रद्द करा, अमुक तारखेला १८:०० पर्यंत’ ही वेळ हॉटेलच्या शहरातली असते, तुमच्या घड्याळातली नाही. पश्चिमेकडे जाणाऱ्यांना जास्तीचे तास मिळतात, पूर्वेकडे जाणाऱ्यांचे कमी होतात.

आणि पहिल्या रात्री उशीर होणार असेल, विमान चुकलं असेल, तर कळवाच. पहिल्या रात्री न आल्यास बहुतेक ठिकाणी नो-शो धरतात, पुढच्या रात्रीही रद्द होतात आणि आकार मात्र एका रात्रीचा किंवा पूर्ण मुक्कामाचा लागतो. साइटवरून मेसेज टाका आणि हॉटेललाही थेट कळवा. साइटचा मेसेज हॉटेलने सकाळी वाचला तर उपयोग नाही, नो-शोचं काम रात्रीच्या हिशेबात होतं.

कलमदान

रीतसर काय, या पहिल्या प्रश्नाचं उत्तर देशाप्रमाणे बदलतं. फी लावायला बंदी जवळपास कुठेच नाही. नियम आहेत ते लपवण्यावर.

अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशनचा नियम १२ मे २०२५ पासून लागू आहे. लहान मुक्कामाची निवासव्यवस्था आणि कार्यक्रमांची तिकिटं यांच्या जाहिरातीत अनिवार्य फी धरूनची एकूण किंमत दाखवावी लागते, आणि तीच सगळ्यात ठळक हवी. मात्र सरकारी कर त्या एकूण रकमेतून बाहेर ठेवायला मुभा आहे. ते पैसे भरण्याआधी सांगितले म्हणजे झालं. कॅलिफोर्नियात असाच कायदा १ जुलै २०२४ पासून होता. ब्रिटनमध्ये २०२४ च्या कायद्यातली तरतूद ६ एप्रिल २०२५ पासून सुरू झाली: टाळता न येणारी फी पहिल्यापासून किमतीत हवी. ऑस्ट्रेलियाच्या ग्राहक कायद्यात कलम ४८ आहे, मोजता येण्याजोगे सगळे आकार धरून एकच किंमत. युरोपीय संघात आधीच खूण केलेल्या चौकटीतून घेतलेले जादा पैसे ग्राहक परत मागू शकतो. भारतात ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत १३ फसवे प्रकार नोंदले आहेत, त्यांत किंमत टप्प्याटप्प्याने उघड करणं आणि न विचारता टोपलीत वस्तू टाकणं हे दोन्ही येतात.

एक गैरसमज दूर करतो. युरोपात ऑनलाइन खरेदीला १४ दिवसांत माघार घेण्याचा हक्क आहे, पण ठरावीक तारखांच्या हॉटेल खोलीला तो लागत नाही. तिथे फक्त बुकिंगची रद्द करण्याची अट चालते.

आता मागायचं कोणाकडे. कार्डाच्या विवरणपत्रावर ज्याचं नाव छापलंय तो विक्रेता, त्याच्याकडेच. तुमच्या ३५४ साठी साइट, ४८ साठी हॉटेल. लेखी मागा. सोबत तीन गोष्टी हव्यात: पैसे भरण्याआधीच्या शेवटच्या पानाचा स्क्रीनशॉट (दुमडलेला भाग उघडून), पक्क्या बुकिंगचा मेल, आणि हॉटेलचं बाबनिहाय बिल. तिन्हींतली एकही नसेल तर बाजू लंगडी पडते. आठवडा-दहा दिवसांत उत्तर आलं नाही तर बँकेकडे वाद नोंदवा. कार्ड कंपन्यांची मुदत साधारण १२० दिवस असते, पण बँका अर्ज त्याआधी मागतात, म्हणून थांबू नका.

वाद पूर्ण रकमेचा टाकू नका. ४०२ वर आक्षेप घेतलात तर हॉटेल तुमच्या सहीचं नोंदणीपत्र पुढे करतं, मुक्काम झाला हे सिद्ध होतं आणि सगळं प्रकरण तिथेच संपतं. ३६ वर आक्षेप असेल तर ३६ चाच, ‘ठरल्यापेक्षा जास्त रक्कम’ या कारणाखाली. न विचारता चलन बदललं असेल तर त्याचं वेगळं कारण आहे, ‘चुकीचं चलन’, आणि तिथे स्लिप लागते.

खतावणी

अजून एक, हल्ली फार चालू आहे. बुकिंगनंतर मेसेज येतो, कधी साइटच्याच मेसेज खिडकीत: ‘कार्ड पडताळणी झाली नाही, २४ तासांत या लिंकवर पुन्हा भरा, नाहीतर बुकिंग रद्द.’ त्यात तुमचं नाव, तारखा, हॉटेल सगळं बरोबर असतं, कारण हॉटेलचं खातंच चोरलेलं असतं. लिंक दाबू नका. साइट स्वतः उघडून बुकिंगची स्थिती बघा आणि हॉटेलला त्यांच्या अधिकृत नंबरवर फोन करा. अशा लिंकवर ओटीपी देऊन भरलेले पैसे परत मिळवणं फार अवघड जातं.

मोजपट्टी

सगळ्यांचे आभार. बुकिंगच्या आधी हॉटेलला मेल टाकून एकदाच सगळं विचारायचं तर नेमकं काय लिहावं? ‘काही जादा आकार आहेत का’ असं विचारलं की ‘नाही’ असं उत्तर येतं.

रात्रपाळी

‘जादा’ हा शब्दच वापरू नका, त्यांच्या लेखी ती फी जादा नसतेच. असं लिहा:

‘अमुक तारखेपासून तीन रात्री, दोन मोठे आणि ८ वर्षांचं एक मूल, अमुक प्रकारची खोली. खालील गोष्टी स्थानिक चलनात कळवाव्यात. १) आमच्या बुकिंगच्या रकमेव्यतिरिक्त चेक-इन ते चेक-आउट हॉटेलमध्ये द्यावी लागणारी एकूण अनिवार्य रक्कम, फी आणि कर वेगवेगळे. २) शहराचा कर माणशी आहे की खोलीमागे, आणि मुलाला लागतो का. ३) डिपॉझिटची रक्कम, आणि ते प्री-ऑथ असेल की विक्री. ४) मुलासाठी वेगळी खाट न घेतल्यास काही आकार आहे का. ५) पार्किंगचा रात्रीचा दर.’

साइटवरून बुकिंग करणार असाल तर हाच मजकूर बुकिंग झाल्यावर, रद्द करण्याच्या मुदतीच्या आत, साइटच्या मेसेज खिडकीतून पुन्हा पाठवा. तिथे आलेलं उत्तर बुकिंगला जोडलेलं राहतं, चेक-इनला काउंटरवर दाखवता येतं आणि वाद झाला तर साइटलाही ते दिसतं. उत्तरातला आकडा आणि ‘हॉटेलमध्ये देय’ या ओळीतला आकडा वेगळे निघाले, तर मुदत संपण्याआधी रद्द करून दुसरीकडे बघायला वेळ हातात असतो.